जिभेखालची खूण

रोहिणी नक्षत्राचे दिवस संपत आले की आमच्या घरात बोलणं आपोआप कमी व्हायचं. बाबा ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसत आणि टेकडीकडं कान देत. माय भांडी घासतानासुद्धा राखेचा हात हळू फिरवायची. वरच्या रानात होळीपासून सोडलेली ढोरं असत, आणि वारा तिकडून आला तर त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांची टकटक आमच्या अंगणापर्यंत येई. त्या आवाजावरून बाबा सांगत, आज कळप डोहावर आहे, आज पठारावर चढला, आज कशाला तरी बुजला. सगळ्यांच्याच वडिलांना असं ऐकू येत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

आमचं गाव महागाव तालुक्यातलं, टेकडीला लागून. वर एक वाडी, खाली नाल्यापलीकडं एक गाव, आणि मधे आम्ही. उन्हाळ्यात तिन्ही गावांत ना चारा, ना पाणी. बैल आणि दुभत्या गायी तेवढ्या कोठ्यात ठेवायच्या, त्यांना कडबा आणि सरकी पुरवायची. बाकीच्या भाकड गायी, कालवडी, अजून जुंपायला न लागलेले गोऱ्हे, सगळं टेकडीवर सोडून द्यायचं. वर सागाच्या रानात एका घळीत डोह होता, तो वैशाखातही आटत नसे. तीन महिने ती ढोरं आपल्या मनानं राहत. काहींना बिबट नेई, काही तिथंच वीत. मग मृग लागायच्या आधी एक दिवस ठरवून तिन्ही गावांचे गडी वर जात आणि सगळा कळप हाकत खाली आखरावर आणत. आखर म्हणजे नाल्याकाठची मोकळी जागा, जिथं एरवी रोज सकाळी गावची गुरं चरायला जाण्याआधी गोळा होत. त्या दिवसाला आम्ही ढोरउतार म्हणत असू. पेरणी झाल्यावर एखादं जनावर मोकाट राहिलं तर कोवळ्या पिकात शिरायचं आणि मग माणसांची डोकी फुटायची, म्हणून हा दिवस कोणी टाळत नसे.

खाली आणणं सोपं होतं. कोणतं कोणाचं हे ठरवणं अवघड. बहुतेक ढोरांच्या कानाला घराघराचा काप असे. कोणाचा उजव्या कानाला एक, कोणाचा डाव्याला दोन, कोणाच्या जनावराच्या मांडीवर तापल्या विळ्याचा डाग. रानात जन्मलेलं वासरू आईच्या धन्याचं. दोन गायींवरून वाद झाला तर वासराला दिवसभर दूर बांधून उपाशी ठेवत आणि संध्याकाळी सोडत. ते जिच्याकडं धावेल आणि जी त्याला लाथ मारणार नाही, ती त्याची आई. कोणी काही बोलायचं नाही, फक्त पाहायचं. पण ज्याच्या कानाला काप नाही आणि ज्याची आई हयात नाही, अशा जनावरावर दोघांनी हक्क सांगितला की मग लपलेली खूण विचारत. दुरून दिसणारी खूण चालत नसे, कारण ती कोणीही पाहून सांगेल. धन्यालाच ठाऊक असेल अशी काहीतरी खूण पंचांच्या कानात सांगायची आणि पंचांनी जनावर धरून ती पडताळायची. गावकऱ्यांची साक्षही चालत नसे, आणि धन्याला घरच्यांनीही आयत्या वेळी खूण सुचवायची नाही. प्रत्येक गाव आपल्या माणसासाठीच ओरडणार, हे जुन्या लोकांना चांगलं माहीत होतं.

पंच तीन, गावागणिक एक. आमच्या गावचे माझे वडील, उकंडराव. बाकीचे दोघे बसत, पण निवाडा बाबाच करत. एकदा त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावाची कालवड वरच्या वाडीच्या माणसाला देऊन टाकली होती, कारण खूण तसंच सांगत होती. काका दोन वर्षं आमच्याकडं पाणी प्यायले नाहीत. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली जाई की मी ती ऐकत ऐकतच मोठी झाले. मुलगी असूनही बाबांनी मला काप ओळखायला शिकवलं होतं. सतरा वर्षांची होईपर्यंत मला तिन्ही गावांतल्या घरांचे काप पाठ होते, आणि ढोरउताराच्या दिवशी बाबा कधीकधी मान न वळवता विचारत, "इंदे, हे कोणाचं?" मी सांगे. लोक हसत, पण ऐकत.

परवा भाच्यानं फोनवर फोटो पाठवला. गाईच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर लांबलचक आकडा. आत्या, आता हे सगळं मोबाईलवर दिसते, असं त्यानं लिहिलं होतं. मी त्याला अंगठा पाठवला. चांगलंच आहे ते. माणसाच्या शब्दावर इतकं ओझं टाकू नये, असं मला आता वाटतं.

देवमन आमच्या गावचा गायकी, म्हणजे गावभरची गुरं चारणारा. त्याच्या वडिलांपासून हेच काम. घरटी ज्वारी मिळायची, सणाला पुरणाची पोळी, आणि पोळ्याला एक धोतर. उन्हाळ्यात तो डोहाजवळ झोपडी बांधून राही आणि दर दोन-तीन दिवसांनी कळपामागं एक फेरी मारी. बाबा आणि तो बरोबरीचे. लहानपणी दोघं मिळून म्हशी धूत. बाबा त्याला "देवमन" म्हणत आणि तो बाबांना "उकंडभाऊ". आमच्या ओसरीवर तो वर बसत नसे, पायरीवर बसे. पण बाबांच्या तंबाखूच्या चंचीत न विचारता हात घालणारा तो एकटाच होता.

त्याची मुलगी मैना माझ्या वयाची. तिच्या बापाची भाकर घेऊन ती टेकडी चढायची आणि मायच्या नकळत बऱ्याचदा मीही तिच्या मागं जायची. वर आम्ही टेंभरं वेचून खात असू, चारोळीच्या बिया दगडावर फोडत असू. देवमन आमच्यासाठी पळसाच्या पानात झुणका वाढी आणि डोहाकडं बोट करून कोणती गाय कोणाशी भांडून बसली आहे ते सांगे. त्याच्या स्वतःच्या मालकीचं जनावर एकच होतं, तांबू नावाची कालवड. सासुरवाडीहून मिळालेली म्हातारी गाय विताना मेली, तेव्हा मागं उरलेलं हे वासरू. त्या सकाळी देवमननं आमच्याकडं धाव घेतली होती. बाबा गेले, त्यांनी स्वतः त्या ओल्या वासराला पोत्यानं पुसलं, नाकातला चिकटा काढला. मीही होते. मैनानं तिला बकरीच्या दुधावर वाढवलं. कान कापायची वेळ आली तेव्हा मैना रडली आणि देवमन म्हणाला, राहू दे, ओळखीच्या जनावराले डाग कायचा. तांबूला काप पडला नाही तो असा.

तिसऱ्या वर्षी तांबू पहिल्यांदा गाभण राहिली. देवमनच्या घरी दूध येणार होतं, आणि कालवड झाली तर दोन गायी होणार होत्या. त्याच उन्हाळ्यात एकदा डोहावर तांबूला मीठ चाटवताना मैनानं तिचा जबडा धरून मला दाखवलं. जिभेखाली, अगदी मुळाशी, तिळापेक्षा थोडा मोठा काळा ठिपका. तिनं तो बापालाही सांगितला नव्हता. ही आपल्या दोघींचीच, असं म्हणून तिनं तांबूच्या कपाळावर माझा हात ठेवला आणि कोणाला सांगणार नाही असं वदवून घेतलं. खेळच होता तो. सतराव्या वर्षीही आम्ही असले खेळ खेळत होतो.

आता तुळशीरामबद्दल सांगायला हवं. खालच्या गावचा मोठा शेतकरी, शांत बोलणारा, पांढरं धोतर नेसणारा. नाल्याकडच्या आमच्या शेतात बैलगाडी जायची तर एकच पांदण, आणि ती त्याच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून. ती गावची की त्याची, हे कधी कोणी कागदावर पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ढोरउताराच्या थोडं आधी त्यानं पांदणीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचा ढीग लावला. भांडण नाही, निरोप नाही, नुसते काटे. बाबा ते पाहून आले आणि जेवताना पाण्याचा पेला उचलून तसाच खाली ठेवला. आमची कापसाची सगळी जमीन त्या पांदणीपलीकडं होती. दोन दिवसांनी तुळशीराम आमच्याकडं चहाला आला. मी कपबशी घेऊन गेले तर दोघं बोलायचे थांबले आणि बाबांनी मला पाणी आणायला पाठवलं. पाणी तर समोरच भरून ठेवलं होतं. त्याचीही एक तांबडी कालवड शिमग्यापासून दिसली नव्हती, बिबट्यानं नेली असं सगळेच म्हणत होते, तिच्याबद्दल काही बोलणं असेल असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं भाकरी थापत होते. बाबा विस्तवावर विडी पेटवायला आले आणि तिथंच उकिडवे बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "देवमनच्या तांबूले काप नाही ना? उद्या काही वाद झाला तं त्या पोरीजवळ एखादी तरी खूण असन का?" त्यांच्या आवाजात काळजी होती. ती काळजी खरी होती असं मी आजही मानते, फक्त ती कोणाची होती हे मला कळलं नाही. मला उलट अभिमान वाटला. बाबांना माहीत नाही अशी एका जनावराची खूण मला माहीत होती. मी हाताचं पीठ झटकलं आणि सांगितलं, जिभेखाली, मुळाशी. बाबांनी पुढं आलेली काटकी चुलीत सारली. "बरं," म्हणाले आणि उठले. विडी न पेटवताच गेले.

ढोरउताराला पानगे करायची आमच्याकडं रीत. सकाळीच तिन्ही गावांच्या बायका नाल्याकाठी गोवऱ्या रचत, कणकेचे जाड पानगे पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात घालत. मोठ्या गंजात वांग्याची भाजी, तिला भरपूर लसूण आणि वरून तर्री. धुराचा, भाजल्या पानांचा आणि येणाऱ्या कळपाचा असा एक मिळून वास असे. दुपारी कळप उतरू लागला की आधी धूळ दिसे, मग हाकारे, मग घंटा. सगळ्यांत पुढं देवमन. तो ढोरांच्या मागं कधी चालत नसे, पुढं चालत असे, आणि गळ्यातून एक लांब, मऊ हाक काढी. कळप तिच्या मागं येई. बाकीचे गडी काठ्या आपटत आणि ओरडत येत, पण त्यांची फारशी गरज नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी निवाडे भराभर उरकले. दुपार कलली तोवर जवळजवळ सगळं वाटून झालं होतं. तांबू मात्र आपणहून देवमनजवळ येऊन उभी राहिली होती आणि त्याच्या तळहाताला मीठ शोधत होती. तेव्हा तुळशीराम पुढं आला आणि शांतपणे म्हणाला, ही कालवड माझी आहे. आधी लोक हसले. देवमनही हसला. तुळशीराम हसला नाही. तो म्हणाला, काप नाही, आई नाही, खूण विचारा.

पंचांनी आधी देवमनला बोलावलं. तो गोंधळला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची ढोरं ओळखून दिली होती, त्याला कोणी खूण विचारली नव्हती. आपल्या लेकराची खूण काय सांगायची तशी त्याची गत झाली. कपाळावरचा भोवरा सांगितला, शेपटीतले पांढरे केस सांगितले. वरच्या वाडीचे पंच म्हणाले, हे तर सगळ्यांना दिसतं, लपलेली सांग. देवमननं तांबूला पुढून मागून निरखलं. मग त्यानं बाबांकडं पाहिलं. त्या पाहण्यात भीती नव्हती, उलट सुटल्यासारखं हसू होतं, जणू एवढा वेळ त्याला साधी गोष्ट सुचलीच नव्हती.

"उकंडभाऊ," तो म्हणाला, "तुमीच तं तिले पोत्यानं पुसलं होतं."

बाबांनी मान वर केली नाही. "पंच साक्ष देत नाही, देवमन," ते म्हणाले.

नियम तसाच होता. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना ती कालवड कोणाची ते माहीत होतं, आणि त्या निम्म्यांनी जमिनीकडं पाहिलं. मग तुळशीराम वाकून पंचांच्या कानाशी काही बोलला. वरच्या वाडीचे पंच जरा बहिरे होते, त्यामुळं त्यांनी ते मोठ्यानं उच्चारलं, "जिभेखाली काळा ठिपका म्हणतात." बाबा उठले. त्यांनी तांबूचा जबडा धरला, जीभ बाजूला ओढली आणि बाकी दोघांना दाखवलं. ठिपका होता.

मैना माझ्या शेजारी उभी होती, पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती रागावली असती, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती पाहत राहिली, आणि मला कळलं की ती काय मोजते आहे. जगात दोघींनाच माहीत असलेली गोष्ट, आणि त्यातली एक ती स्वतः. माझ्या हातात पानग्यांचं टोपलं होतं. मी तोंड उघडून म्हणायला हवं होतं की ही खूण मी माझ्या बापाला सांगितली, आणि माझ्या बापानं त्याला. एवढंच वाक्य. तीन गावं उभी होती. मी ते म्हटलं नाही. मी टोपलं खाली ठेवलं आणि कोणी मागत नसताना पानगे वाटू लागले.

तांबू खालच्या गावच्या गड्यामागं जाईना. दोघांनी दावं ओढलं, एकानं शेपटी पिळली, तिनं खूर रोवले. गाभण जनावर, ओढाताण बरी नव्हे. शेवटी देवमन पुढं झाला. त्यानं गड्याच्या हातून दावं घेतलं, गळ्यातून ती लांब हाक काढली आणि चालू लागला. तांबू त्याच्या मागं निघाली. नाला ओलांडून, तुळशीरामच्या कोठ्यापर्यंत तो स्वतः तिला सोडून आला. परत आला तेव्हा उरलेल्या ढोरांना पाणी दाखवायचं राहिलं होतं, तेही त्यानं केलं.

घरी आल्यावर मी बाबांपुढं उभी राहिले. दिवेलागण होत होती, माय तुळशीपाशी होती. मी ओरडले नाही. आमच्या घरात बाबांसमोर ओरडायची पद्धत नव्हती. मी एवढंच विचारलं, काहून. बाबा पायातली वहाण काढत होते, ती हातातच राहिली. मग जे बोलले ते मी शब्दाशब्दानं लक्षात ठेवलं आहे.

"पांदण बंद झाली असती तं पेरणी गेली असती. देवमन आपला माणूस हाय, इंदे. तो समजून घेईन. तुळशीराम नसता समजून घेत."

मी पुढं अनेक माणसांकडून अनेक तऱ्हेनं फसले. चाळीस वर्षं मास्तरकी केली, बदल्या झाल्या, संसार केला. जगात हे चालायचंच. पण त्या वाक्याइतकं उघडं सत्य मला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. आपल्या माणसाचाच गळा आधी का धरला जातो, ते मला त्या संध्याकाळी कळलं. तो ओरडणार नाही, याची खात्री असते म्हणून. आणि त्याच हिशेबात बाबांनी मलाही धरलं होतं. मी त्यांची होते, मीही समजून घेणार होते. मी बोलणार नाही हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. सगळ्यात जास्त मला हे लागलं. सख्ख्या भावाची कालवड दुसऱ्याला देणारा माणूस म्हणून ज्यांच्याकडं पाहत मी वाढले, त्यांनीच मला चुलीपुढं बसवून, आवाजात काळजी आणून, माझ्या तोंडून ती खूण काढून घेतली. मायनं त्या संध्याकाळी बाबांचं ताट वाढलं आणि ती पुन्हा अंगणात जाऊन बसली. तिला आधीपासून ठाऊक होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांदणीतले काटे निघाले होते. पेरणी वेळेवर झाली. त्या वर्षी कापूस चांगला आला. पुढं मला यवतमाळला शिकायला ठेवलं ते त्याच शेताच्या जोरावर, आणि माझ्या लग्नाचं सामानही त्याच पांदणीनं आलेल्या कापसातून झालं. हे लिहिताना मला काही लपवायचं नाही. बाबांनी जे केलं त्याचं फळ मी खाल्लं.

देवमननं एकदाही शब्द काढला नाही. रोज सकाळी आखरावर येई, ढोरं घेऊन जाई, संध्याकाळी आणून सोडी. फक्त आमच्या पायरीवर बसणं बंद झालं. बाबा चंची बाहेर ठेवून बसत आणि तो समोरून "राम राम, उकंडभाऊ" म्हणून जाई. मैना मला दिसायची, विहिरीवर, धुऱ्यावर, पाठमोरी. मी दर दिवशी ठरवत असे की आज तिच्या घरी जाऊन सांगायचं. पण सांगायचं म्हणजे बाबांचं नाव घ्यायचं. मी विचार करायची, अजून दोन दिवसांनी जाऊ. असे किती दोन दिवस गेले. पोळा झाला आणि त्यानंतर आठवड्याभरात देवमननं गावाला सांगितलं की तो काम सोडतोय. त्याचा साळा राजूरला कोळशाच्या गाड्या भरतो, तिकडं जातोय. जिल्हा एकच, पण पार दुसरं टोक. जाण्याच्या सकाळी त्यानं आखरावर घराघराला ढोरं दाखवून ताब्यात दिली, एकूण एक. आमच्या घरची ढोरं मी ताब्यात घेतली. बाबा पहाटेच शेतात निघून गेले होते. देवमननं आमच्या गायींवरून एकदा हात फिरवला आणि मला म्हणाला, पांढरीच्या खुरात काटा आहे, बाबांले पाहायले सांगजो. मैना त्याच्यासोबत नव्हती.

बाबा त्यानंतरही पंच म्हणून बसत राहिले, टेकडी जंगलखात्यानं रोपांसाठी बंद करेपर्यंत. एकही निवाडा त्यांनी पुन्हा वाकडा दिला नाही, हे मी खात्रीनं सांगू शकते. नव्या गायक्याशी ते कधी मोकळे झाले नाहीत. म्हातारपणी कान गेले, तरी मृगाआधी ओसरीवर बसायचे. त्यांचं आणि माझं बोलणं चांगलं होतं, बाहेरच्याला काही जाणवलं नसतं. पण मी त्यांना पुन्हा कधी काही मनातलं सांगितलं नाही. आजारपणात त्यांनी एकदा माझा हात धरून "इंदे, ते..." असं सुरू केलं होतं. मी म्हटलं, पडा आता, औषधाची वेळ झाली. मला ते ऐकायचं नव्हतं, की त्यांना तेवढीही सुटका द्यायची नव्हती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी ओळखीच्यांकडच्या एका लग्नाला मी वणीला गेले होते. परतीच्या गाडीची वाट पाहत बसस्टँडवर बसले होते, तर समोरच्या बाकावरून एक बाई उठून आली आणि माझं नाव घेतलं. केस पांढरे, चेहरा भरलेला. आवाजावरून ओळखलं. मैना. ती दवाखान्यात आली होती, राजूरला परत निघाली होती. आम्ही एका बाकावर बसलो. तब्येतीचं बोललो, उन्हाचं बोललो. आणि मग मी ते वाक्य म्हटलं, जे आखरावर म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांनी ते फार छोटं वाटलं.

ती माझ्याकडं पाहून हसली, जरा थकलेलं.

"ते तं मले चार दिवसांतच समजलं होतं," ती म्हणाली. "तू कायले जाशील तुळशीरामजीकडं? काटे निघाले तवाच गावाले समजलं. पण मले वाटे, तू येशील. पोळ्यापर्यंत आमी तिथंच होतो. रोज वाट पाहे मी तुयी."

इतकी वर्षं मी स्वतःला फसवली गेलेली समजत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या बाकावर माझ्या शेजारी जी बसली होती, तिला बाबांनी नाही, मी फसवलं होतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, तुझे बाबा फार दिवस अंथरुणावर होते का. मी म्हटलं, महिनाभर. तुला कसं कळलं ते गेल्याचं? तर म्हणाली, गावाकडचा कोणी राजूरला आला होता, त्यानं सांगितलं. देवमन तेव्हा हयात होता. उन्हात दाराशी बसला होता, ऐकून आत गेला. आंघोळ केली आणि त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. मैनानं ताट आणलं तर म्हणाला, माह्या सोबत्याचा दिवस आहे.

तिची गाडी लागली. तिनं पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि चढली. मी खाली उभी राहिले, गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत. बाबा गेले त्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणून दिली होती, आणि दुपारी आम्ही सगळे जेवलो होतो. मीसुद्धा.